कसारा लोकल आणि सहा दिवसांची जिम

आसनगाव ते मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ८५ किलोमीटर. शहापूर तालुक्यातल्या ज्या माणसाची नोकरी मुंबईत आहे, त्याचे दिवसाचे चार-पाच तास जाण्यायेण्यात जातात. घर खर्डीला किंवा कसाऱ्याला असेल तर त्याहूनही जास्त. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथला चाकरमानी एसटीनं नाहीतर दुचाकीवरून कल्याण गाठतो आणि मग पुढची गाडी धरतो. मुरबाडच्या एमआयडीसीत पाळ्या आहेत, पडघा-वासिंद पट्ट्यातल्या गोदामांत चढउतार आहे, आणि यातल्या कितीतरी जणांच्या घरी एक-दोन एकर भातशेतीही आहे.

गेल्या काही वर्षांत या बाजारगावांत जिमच्या पाट्या लागल्या. शहापूर, आसनगाव, वासिंद, मुरबाड, सगळीकडे. आत गेलं की भिंतीवर पिळदार शरीरांची चित्रं असतात आणि नव्यानं नाव घातलेल्याला ठरलेलं वेळापत्रक मिळतं: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी दंड, शुक्रवारी पाय, शनिवारी पोट. रोजचा तास-दीड तास. पहिल्या महिन्यात गर्दी असते. मग भाताची आवणी (लावणी) येते, पाळी बदलते, घरात लग्न निघतं, आणि नाव घातलेला माणूस हळूहळू येईनासा होतो. ‘आपल्याच्यानं नाही होत’ असं तो म्हणतो आणि दोष स्वतःच्या आळसाला देतो.

हा दोष त्याचा आहे की वेळापत्रकाचा, हे तपासण्यासारखं आहे. शरीरसौष्ठवाची तालीम पस्तीस ते साठ वयाच्या, नोकरी, शेती आणि संसार सांभाळणाऱ्या माणसासाठी योग्य आहे का? व्यायामशास्त्रात गेल्या काही दशकांत इतका अभ्यास झाला आहे की याचं उत्तर बऱ्याच स्पष्टपणे देता येतं. शरीरसौष्ठवाच्या पोटात जे तत्त्व आहे, म्हणजे शरीराच्या प्रत्येक मोठ्या स्नायूला भार द्यायचा आणि तो भार हळूहळू वाढवत न्यायचा, ते या माणसाला अतिशय गरजेचं आहे. त्या तत्त्वाभोवती स्पर्धकांनी बांधलेलं वेळापत्रक, ताट आणि पावडरचे डबे मात्र त्याच्या कामाचे नाहीत.

औंधच्या राजाचा प्रयोग

हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा पडतो आहे असं नाही. आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानला जाणारा युजेन सँडो यानं १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पिळदार शरीरांची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल होते. पुढं १९०४-०५ च्या सुमारास सँडो हिंदुस्थानात येऊन खेळ करून गेला. त्याची पुस्तकं आणि साधनं त्याही आधी इथं पोचली होती.

ती मागवणाऱ्यांत साताऱ्याकडच्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी होते. त्यांनी सँडोच्या पद्धतीनं सुमारे दहा वर्षं नेमानं व्यायाम केला. त्यानंतर मात्र ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांचेच प्रचारक राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, घरातल्या मंडळींना घालायला लावले, आणि १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तकही निघालं. एका व्यायामात अंगाचे सगळे सांधे हलतात, साधन लागत नाही, जागा अंगापुरती पुरते आणि घरातल्या लहानथोरांना जमतं, ही सामान्य माणसाच्या दृष्टीनं सूर्यनमस्काराची मोठी बाजू.

त्याची मर्यादाही आहे. नमस्कारात ढकलणं आहे, वाकणं आहे, पण काही ओढून घेणं नाही. शिवाय शरीर सरावलं की आकडा वाढवत जाण्यापलीकडे भार वाढवायला फार वाव राहत नाही. भवानरावांनी सँडोचा व्याप सोडला तेव्हा वाढत्या भाराची कल्पनाही त्याबरोबर मागे पडली. आजच्या कामकरी माणसाला दोन्हींचा मेळ हवा आहे: नमस्काराइतका सोपा आणि थोडक्यात आटोपणारा, पण वजन वाढवत नेता येईल असा व्यायाम.

मंचावरचं शरीर कशानं घडतं

गावच्या जिममधली चित्रं ज्या शरीरांची असतात, त्यांची किंमत काय असते हे सांगणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या एका तरुण स्पर्धकाची संशोधकांनी वर्षभर तपासणी केली. तो कोणतंही उत्तेजक घेत नव्हता. स्पर्धेच्या आधीच्या सहा महिन्यांत त्याच्या शरीरातली चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. त्याच काळात विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर घसरले. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक चौथाईवर आलं. ताकद वाढायच्या ऐवजी कमी झाली, आणि स्पर्धेनंतर सहा महिन्यांनीही ती पूर्णपणे परतली नव्हती.

हा माणूस शिस्तीचा होता, तरुण होता, त्याची तालीम शास्त्रशुद्ध होती. तरीही मंचावर दिसलेलं शरीर त्याच्या आरोग्याचा सगळ्यात खालचा बिंदू होता. महाराष्ट्र श्री, मुंबई श्री यांसारख्या स्पर्धांत उतरणारे खेळाडू याच वाटेनं जातात. ज्यांनी हा खेळ निवडला आहे त्यांच्या कष्टांना मान द्यायलाच हवा. त्या खेळासाठी लागणारी झोप, दिवसातून पाच-सहा वेळचं मोजलेलं जेवण आणि तालमीचे तास हे त्यांचं कामच असतं. पहाटेची लोकल धरणाऱ्याला तेच वेळापत्रक देणं म्हणजे मॅरेथॉन पळणाऱ्याचा सराव मधुमेहाच्या रुग्णाला देणं.

सहा दिवसांच्या विभागणीची एक अडचण तर साध्या हिशेबाचीच आहे. प्रत्येक अवयवाला आठवड्यातून एकच दिवस दिला की चुकलेला दिवस भरून येत नाही. शुक्रवारी गाडी उशिरा आली आणि पायांचा दिवस हुकला, तर मांड्यांची पाळी थेट पुढच्या शुक्रवारी. गावाकडच्या नोकरदाराच्या आठवड्यात असे दोन दिवस तरी हुकतात. पूर्ण अंगाचा व्यायाम दोन किंवा तीन दिवस करणाऱ्याचा एक दिवस चुकला तरी कोणताच अवयव उपाशी राहत नाही. एकूण मेहनत सारखी असेल तर ती आठवड्यातल्या किती दिवसांत वाटली यानं स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित तपासणीत २०१९ मध्ये दिसलं आहे.

राबणं आणि व्यायाम

जिमचा विषय निघाला की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर एक प्रश्न हमखास येतो: दिवसभर शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. जुलैत गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून आवणी करणं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि भारे खळ्यावर वाहून आणणं, युरियाची ४५ किलोची गोणी पाठीवर घेणं, हे कष्ट कोणत्याही जिममधल्या तासापेक्षा जास्त आहेत.

पण शरीर कष्टाला आणि व्यायामाला सारखा प्रतिसाद देत नाही. डेन्मार्कमध्ये आंद्रेआस होल्टरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक लोकांचा सुमारे दहा वर्षं मागोवा घेतला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, फावल्या वेळात अंगमेहनत करणाऱ्यांना हृदयविकाराचा आणि मृत्यूचा धोका कमी दिसला. कामाच्या ठिकाणी जड मेहनत करणाऱ्यांना मात्र तो जास्त दिसला. डेन्मार्कचे कामगार आणि आपले शेतकरी सारखे नाहीत, हे खरं. तरी त्यामागची जी कारणं संशोधक मांडतात ती आपल्याकडेही लागू पडतात. कष्टाच्या कामात नाडीचे ठोके आणि रक्तदाब तासन्‌तास चढलेले राहतात, मधे पुरेशी विश्रांती नसते, एकाच बाजूवर आणि वाकलेल्या कमरेवर भार येतो, आणि तो किती असावा हे काम करणारा ठरवत नाही. व्यायामात थोडा वेळ मोठा भार असतो आणि मग दोन दिवस स्नायूला सावरायला मिळतात. ताकद या सावरण्याच्या काळात वाढते.

बायकांच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. मुंबईला सर्वाधिक पाणी पुरवणारं भातसा धरण शहापूर तालुक्यात आहे. तानसाही इथलंच. तरीही उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि बायका डोक्यावर हंडे वाहतात. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी असतं. हा भार वर्षानुवर्षं मानेवर आणि मणक्यावर येतो. पाठ, दंड, छाती यांना त्यातून नेमका आणि वाढता भार मिळत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम रुग्णालयाच्या चमूनं १९९०च्या दशकात सुरू केलेल्या मातापोषणाच्या अभ्यासात असं दिसलं, की गरोदरपणात जास्त कष्टाचं काम केलेल्या मातांची बाळं वजनानं कमी भरली. म्हणून ‘तिला व्यायामाची काय गरज, ती पाणी आणते की’ हे वाक्य इथं तरी थांबायला हवं. पाण्याचा भार आधी उतरायला हवा. तो नळानं उतरवायचा, हे शासनाचं काम आहे.

बारीक माणसाची चरबी

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जगभर गाजली. पुण्याजवळच्या या गावांत जन्मणारी बाळं सरासरी २.७ किलोची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू आणि पोटातले अवयव. चरबी त्या मानानं टिकून होती. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं असलेलं छायाचित्र छापून आलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के.

हे छायाचित्र शहापूरच्या जिममध्ये लावण्यासारखं आहे. ‘मी तर बारीक आहे’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाकडे स्नायू कमी आणि पोटाभोवती चरबी जास्त असू शकते. जेवणातून रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात, त्यामुळे स्नायू कमी असणं म्हणजे साखर साठवायला जागा कमी असणं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि प्रौढांत ३९.५ टक्के जणांच्या पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आहे. कुर्ल्याच्या कार्यालयात आठ तास आणि गाडीत पाच तास बसणारा आसनगावचा माणूस या आकड्यांच्या मधोमध येतो. त्याच्या वडिलांची चिखलणी त्याच्या वाट्याला आलेली नाही, पण वडिलांच्या ताटातला भात तेवढाच आहे.

इथं शरीरसौष्ठवाचं तत्त्व खरोखर उपयोगी पडतं. नुसतं चालणं हृदयाला चांगलं आणि ते करायलाच हवं. पण स्नायू वाढवायचे आणि टिकवायचे तर त्यांना भारच लागतो. तिशीनंतर दर दशकाला स्नायूंचा तीन ते आठ टक्के भाग कमी होत जातो. साठीनंतर त्याचा वेग वाढतो.

किती पुरेसं आहे?

दहा दहा उठावांचे तीन संच, ही आज जगभरातल्या बहुतेक जिममधली प्रथा. तिचा मोठा आधार दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी रुग्णालयातला आहे. शिकागोच्या गार्डिनर रुग्णालयात डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांच्या दुर्बळ पायांना हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम देत होते. १९४५ मध्ये त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते सात ते दहा संच करून घेत. १९४८ पर्यंत त्यांच्या लक्षात आलं की तीन पुरतात. वजन उचलण्याचं हे शास्त्र मोडलेल्या माणसांना उभं करण्यासाठी वापरलं गेलं, ही गोष्ट पन्नाशीतल्या गुडघेदुखीवाल्याला धीर देणारी आहे.

पुढचे आकडे तर व्यग्र माणसाच्या बाजूनंच बोलतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्यायाम-संशोधक ब्रॅड शोनफेल्ड यांनी आधीपासून तालीम करणाऱ्या ३४ पुरुषांचे तीन गट केले. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. पहिल्या गटानं प्रत्येक व्यायामाचा एकच संच केला, दुसऱ्यानं तीन, तिसऱ्यानं पाच. स्नायूंचा आकार जास्त संच करणाऱ्यांचा जास्त वाढला. ताकद मात्र तिन्ही गटांची सारखीच वाढली. पहिल्या गटाला एका दिवसाला जेमतेम तेरा मिनिटं लागत होती.

म्हणजे मंचावर उभं राहायचं असेल त्याला जास्त संच हवेत. गोणी उचलता यावी, जिना चढता यावा, साखर आटोक्यात राहावी एवढीच अपेक्षा असेल त्याचं थोडक्यात भागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. जपानी संशोधकांनी २०२२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. त्यात स्नायूंचा व्यायाम करणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार, मधुमेह यांचा धोका १० ते १७ टक्क्यांनी कमी आढळला, आणि आठवड्याला साधारण ३० ते ६० मिनिटं करणाऱ्यांना सर्वाधिक फायदा दिसला. असे अभ्यास कार्यकारणभाव ठामपणे सिद्ध करत नाहीत, पण दिशा दाखवतात.

वयाची सबबही फार टिकत नाही. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात डॉ. मारिया फियाटारोन यांनी सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांना काठीची गरज उरली नाही.

भाताच्या वेळापत्रकावर बसणारा व्यायाम

शहापूर-मुरबाडच्या वर्षाला स्वतःचा क्रम आहे. जून ते ऑगस्ट शेतात, मग गणपती आणि दसरा, मग कापणी आणि झोडणी. पौषात म्हसाची जत्रा, आणि त्यानंतर पावसापर्यंत लग्नसराई. बारा महिने आठवड्याचे सहा दिवस सारखाच व्यायाम अशी अपेक्षा या वर्षात बसूच शकत नाही.

त्यावरही अभ्यासात उपाय सापडतो. अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७० जणांनी सोळा आठवडे तीन तीन दिवस तालीम केली. नंतर बत्तीस आठवडे काहींनी ती एक नवमांशावर आणली, म्हणजे आठवड्यातून एक दिवस, प्रत्येक व्यायामाचा एकच संच. तरुणांची ताकद आणि स्नायू दोन्ही टिकले. साठीपुढच्यांची ताकद टिकली, पण स्नायूंचा आकार राखायला त्यांना याहून जास्त तालीम लागली. म्हणून डिसेंबर ते मे हा कमावण्याचा काळ धरावा, आठवड्यातून तीन दिवस. आवणीच्या आणि कापणीच्या महिन्यांत एकच दिवस, तोही अर्ध्या तासाचा. त्या काळात जिम सुटली असं मानायचं कारण नाही. ती राखण्याची पाळी आहे.

एका दिवसाला पाच हालचाली पुरतात. भार घेऊन बैठक. जमिनीवरून वजन उचलणं. छातीपासून ढकलणं. स्वतःकडे ओढणं. डोक्यावर उचलणं. प्रत्येकाचे दोन-तीन संच, आठ ते बारा वेळा, आणि थांबायचं तेव्हा अंगात आणखी दोन उठावांची ताकद शिल्लक असावी. सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत आटोपतं. आज किती किलो आणि किती वेळा, हे वहीत लिहायचं आणि बारा वेळा सहज जमलं की पुढच्या वेळी थोडं वजन वाढवायचं. शरीरसौष्ठवाकडून घ्यायची खरी गोष्ट ही वही आहे.

जिम दूर असेल तर घरी तांदळाची गोणी आहे, जोर आणि बैठका आहेत, आडव्या दांडीला लटकणं आहे. गोणी उचलण्याची योग्य रीत शिकलेला शेतकरी खताच्या दिवसांतही कंबर सांभाळतो: गोणी पायाशी चिकटून, पाठ सरळ, जोर मांड्यांचा.

ताट, डबा आणि इंजेक्शन

जिमबरोबर येणारी दुसरी गोष्ट म्हणजे पावडरचा डबा. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी काढलेला निष्कर्ष असा: वजनाची तालीम करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांपलीकडे खास फायदा मिळत नाही. एरवी आपल्याकडची शिफारस ०.८३ ग्रॅमची आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला एरवी ५० ग्रॅम आणि भरपूर तालीम करताना जास्तीत जास्त ९६ ग्रॅम.

हे घरच्या ताटातून जमतं. दोन अंड्यांतून १२ ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून १६, पन्नास ग्रॅम डाळीतून ११-१२, मूठभर शेंगदाण्यांतून १२, चाळीस ग्रॅम सोयावडीतून २०, आणि दिवसभरात पोटात जाणाऱ्या तीनशे ग्रॅम तांदूळ-नाचणीतून २०-२२. शेतातले वाल, घरातली सुकट आणि बोंबील यांची तर गणतीच नको. सुकवलेल्या मासळीत निम्म्याच्या आसपास वजन प्रथिनांचं असतं. रक्तदाब असेल तर ती धुऊन, भिजवून खावी, कारण मीठ फार असतं. ज्यांच्या मूत्रपिंडाला त्रास आहे त्यांनी प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये दिलेल्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळायला सांगितलं आहे. त्याच वर्षी केरळचे यकृततज्ज्ञ डॉ. सिरियक ॲबी फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी देशात विकल्या जाणाऱ्या ३६ उत्पादनांची तपासणी केली. सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रथिनांचा आकडा चुकीचा निघाला. १४ टक्क्यांत बुरशीपासून होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं.

डब्याच्या पुढची पायरी आणखी घातक आहे. स्टिरॉइडमुळे यकृत बिघडतं, हृदयाची भिंत जाड होते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं आणि वीर्यातले शुक्राणू कमी होतात. मेफेंटरमाइन सल्फेट हे शस्त्रक्रियेत रक्तदाब कोसळला तर डॉक्टरांनी द्यायचं इंजेक्शन. जिममध्ये जोर यावा म्हणून ते बेकायदा विकलं जातं, आणि महाराष्ट्रात त्याचे साठे वेळोवेळी पकडले गेले आहेत. जिथं असा माल मिळतो त्या जिमचं नाव पोलिसांना कळवणं, हे तिथं जाणाऱ्या प्रत्येक सदस्याचं आणि मुलांच्या पालकांचं काम आहे.

सावध कुणी असावं

कॅनडात १९८५ मध्ये संशोधकांनी पाच शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून जड वजन उचलताना रक्तदाब मोजला. श्वास रोखून पायांनी वजन ढकलताना एकाचा आकडा ४८०/३५० च्या पुढं गेला. निरोगी तरुणानं तो क्षणभर सोसला. रक्तदाबाची गोळी विसरणाऱ्या पन्नाशीच्या माणसानं मात्र कमाल वजनाचा हट्ट करू नये आणि उचलताना श्वास सोडत राहावं. छातीत दाब, घेरी, धाप यातलं काहीही जाणवलं तर आधी तपासणी. पस्तिशीपुढच्या प्रत्येकानं सुरुवातीला रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती सोय असते.

राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं आहे. धाप लागते म्हणून जिम सोडणाऱ्या बाईला बऱ्याचदा लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण आधी हवं असतं. ते झालं की वजनं उचलणं तिच्यासाठीही तितकंच मोलाचं आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि भाराचा व्यायाम ती झीज कमी करणाऱ्या मोजक्या उपायांपैकी आहे. ‘दंड पुरुषासारखे होतील’ या भीतीला आधार नाही. स्त्रियांच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या तुलनेत फारच थोडं असतं.

एका गटाची गरज वेगळीच आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी मुलंमुली पोलीस भरतीची तयारी करत असतात. त्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५ असतात. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. छाती आणि दंड फुगवण्यात वर्ष घालवणारा मुलगा या परीक्षेत मागे पडू शकतो. त्याला पाय, कंबर, पाठ आणि धावणं यांची तालीम हवी. जिमवाल्यानं भिंतीवरचं वेळापत्रक देण्याआधी ‘कशासाठी आलास?’ एवढं विचारलं तरी या मुलांचे महिने वाचतील.

तालुक्याला काय करता येईल

बऱ्याच ग्रामपंचायतींनी खुल्या व्यायामशाळा उभारल्या आहेत. त्या चांगल्या आहेत, पण तिथल्या बहुतेक यंत्रांत वजन वाढवायची सोय नसते, त्यामुळे महिन्याभरात शरीर सरावतं. पुढच्या निधीतून एखादं यंत्र कमी घ्यावं आणि त्या जागी वेगवेगळ्या उंचीच्या आडव्या दांड्या, एक लोखंडी बार, वाढत्या वजनाच्या चकत्या आणि त्या ठेवायला कुलूपबंद खोली असावी. जिल्हा परिषदेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी रिकामी असतात.

खाजगी जिमवाल्यांनाही हा बदल फायद्याचा आहे. सहा दिवसांच्या वेळापत्रकाशेजारी दोन आणि तीन दिवसांचं वेळापत्रक लावलं, महिन्याऐवजी दहा-दहा फेऱ्यांची वर्गणी ठेवली, पहाटेची लोकल धरणाऱ्यांसाठी रात्रीची आणि पाळीवाल्यांसाठी दुपारची वेळ उघडली, बायकांसाठी स्त्री प्रशिक्षक असलेला एक तास राखला, तर आवणीत गेलेली माणसं कापणीनंतर परत येतील. आशाताई आणि आरोग्य केंद्र यांच्याकडे रक्तदाब-साखरेच्या नोंदी आहेतच. ज्यांची साखर काठावर आहे त्यांना गोळीबरोबर ‘आठवड्यातून दोन दिवस वजन उचला’ हेही लिहून मिळालं पाहिजे, आणि उचलायचं कसं हे दाखवणारा एक तरी शिकलेला माणूस प्रत्येक मोठ्या गावात असला पाहिजे. शहापूर आणि मुरबाडच्या पंचायत समित्यांनी पुढच्या वर्षाच्या आराखड्यात एवढं घातलं, तर भाताची झोडणी उरकलेल्या पन्नाशीच्या शेतकऱ्याला आणि आसनगावच्या पस्तिशीतल्या चाकरमान्याला जानेवारीपासूनच सुरुवात करता येईल.